वळिवड्याच्या पोलिश शाळा

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची वसाहत होती. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. १९४० व १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील कुटुंबेच्या कुटुंबे उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली होती. हिटलरने रशियावर चाल केल्यावर जुलै १९४१ मध्ये पोलंड आणि सोव्हिएत संघात करार झाला आणि त्यांची सुटका झाली. पुरुष जनरल अँडर्स यांच्या पोलिश फौजेत गेले. उरलेले इराणमार्गे आश्रय शोधत निघाले. त्यांतली काही मुले जामनगरजवळ बालाचडीला तिथले संस्थानिक जामसाहेब यांच्या आश्रयाला आली. मोठी वसाहत मात्र वळिवड्याचीच.

या मुलांची कित्येक वर्षे उपासमारीत आणि आजारपणात गेली होती. अनेकांची शाळा सुटलेली, काहींनी तर ती पाहिलेलीच नव्हती. तरीही वळिवड्यात बालवाडीपासून प्राथमिक, माध्यमिक आणि त्यापुढच्या वर्गांपर्यंत सगळी सोय उभी राहिली. शिकवणारी माणसे निर्वासितांमधलीच, त्यांतही स्त्रियाच अधिक. माध्यम पोलिश आणि अभ्यासक्रमही पोलंडचाच. पुस्तकांची फार ओढाताण होती. पोलिश फौजेने जेरुसलेममध्ये शालेय पुस्तके छापायला घेतली होती. परदेशात विखुरलेल्या पोलिश शाळांना त्यांचा मोठा आधार झाला. शाळेच्या जोडीला बालवीर पथके होती, नाटके होती, चर्च होते. युद्ध संपले की मुले मायदेशी परततील आणि तिथल्या वर्गात बसतील, या भरवशावर हे सारे चालले होते. तो भरवसा खोटा ठरला. १९४५ मध्ये याल्टाच्या परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहील असे ठरले. ज्या गावांचा भूगोल मुले शिकत होती, ती गावे आता दुसऱ्या देशात होती. वसाहत उठली तेव्हा पोलंडला थोडेच परतले. पुष्कळजण, विशेषतः सैनिकांची कुटुंबे, ब्रिटनला गेले. रिकाम्या झालेल्या जागेत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आणि आजचे गांधीनगर वसले.

वळिवड्याची वसाहत उठत होती त्याच १९४८ साली पॅलेस्टाइनमधून सात लाखांवर अरब परागंदा झाले. त्यांच्या मुलांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्रवा या संस्थेने १९५० पासून शाळा चालवल्या. तिथे नियम वेगळा: जॉर्डनमध्ये जॉर्डनचा अभ्यासक्रम, सीरियात सीरियाचा, लेबनॉनमध्ये लेबनॉनचा. आश्रय देणाऱ्या देशाच्या परीक्षेला बसता यावे, पुढे कॉलेज गाठता यावे, हा त्यामागचा विचार, आणि तो रास्तच आहे. परतीच्या भरवशावर शिकण्याचा वळिवड्यासारखा पेच याने टळतो. पण प्रमाणपत्राचा उपयोग यजमान देशाच्या कायद्यावर अवलंबून राहतो. जॉर्डनने बहुसंख्य पॅलेस्टिनींना नागरिकत्व दिले, म्हणून तिथे शिकलेल्यांना नोकरीधंद्याचे दार उघडे झाले. लेबनॉनने ते दिले नाही. तिथे अन्रवा माध्यमिक शाळाही चालवते, मुले त्या देशाचीच परीक्षा देतात, आणि तरीही वैद्यकी, वकिली यांसारखे कित्येक व्यवसाय त्यांना बंद आहेत.