वळवाआधीची तयारी : घरातली यंत्रं आणि गटाचा हिशेब

डिंगोऱ्याच्या बचत गटातल्या आम्ही बायका आज विजेबद्दल बोलणार आहोत. खांबावरच्या नाही, आभाळातल्या. मे महिना लागला की माळशेजच्या अंगानं दुपारी ढग चढतात. वळवाचा पाऊस कांद्याची धांदल उडवतो आणि यंत्रांचा जीवही घेतो. गेल्या वळवात आमच्या आळीत एका संध्याकाळी तीन टीव्ही आणि विहिरीवरचा एक स्टार्टर जळाला. वीज कुणाच्याच घरावर पडली नव्हती. लांब कुठंतरी तारेवर पडली आणि तारेतून घरात शिरली.

या बाबतीत शिकायचं तर समुद्रावरच्या बायकांकडून शिकावं. आपल्या नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्याहून 'तारिणी' या शिडाच्या नावेतून निघाल्या. पृथ्वीला वळसा घालून 29 मे 2025 ला परत आल्या. नावेवर दोघीच. त्याआधी 2017-18 मध्ये वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी याच नावेतून जगभर फिरून आल्या होत्या. भर समुद्रात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे नावेची डोलकाठी. तिथं वीज पडली तर दिशा दाखवणारं यंत्र, रेडिओ, बॅटरीचं चार्जिंग सगळं एका झटक्यात जाऊ शकतं. वायरमनला बोलवायची सोय नाही. म्हणून शिडाच्या नावांवर चार गोष्टी पाळतात. विजेला पाण्यात उतरायला जाड तारेची वाट करून देतात. वादळाआधी यंत्रांच्या वायरी काढतात. हातातली छोटी यंत्रं धातूच्या डब्यात ठेवतात. आणि आपण कुठं आहोत ते वहीत लिहीत राहतात, कागदाचा नकाशा जवळ बाळगतात.

या चारही गोष्टी आपल्या घरात करता येतात.

पहिली गोष्ट अर्थिंगची. वीज सोपी वाट शोधते. अर्थिंगची तार तुटली असेल, गंजली असेल, तर ती वाट आपल्या फ्रिजमधून जाते. वायरमनला बोलवून एप्रिलमध्येच अर्थिंग तपासून घ्या. कोळसा-मीठ घातलेला खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओता. एमसीबी वीज पडल्यावर यंत्र वाचवत नाही, हेही ध्यानात ठेवा. त्यासाठी वेगळं उपकरण असतं, त्याला सर्ज प्रोटेक्टर म्हणतात. तेही चांगल्या अर्थिंगशिवाय निकामी.

दुसरी गोष्ट वायरी काढण्याची. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटणातली फट बोटाएवढीही नसते, आणि ही वीज ढगापासून जमिनीपर्यंत उडी मारून आलेली असते. प्लग उपसायचा. टीव्हीला छतावरच्या छत्रीची वायर असते, तीही काढायची. पण कधी? आभाळ भरून आलं आणि लांबवर चमकायला लागलं की लगेच. डोक्यावर गडगडायला लागल्यावर प्लगला, नळाला, वायरीला हात लावायचा नाही. टीव्ही गेला तर जाऊ द्या. मोटरीचंही तेच. ढग दिसले की रानातून निघतानाच मेन स्विच पाडून या. नंतर आठवलं म्हणून कुणी विहिरीवर पळू नये, आणि सासऱ्यांना, पोरालाही पाठवू नये.

वीज किती लांब आहे हे मोजता येतं. चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस मोजायच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. घरात या, झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं 'दामिनी' नावाचं अ‍ॅप केलंय. आपल्या आसपास 20 आणि 40 किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर ते सांगतं. गटातल्या निदान दोघींच्या फोनमध्ये ते असू द्या.

तिसरी गोष्ट डब्याची. मोबाइलमुळे वीज अंगावर येते असं म्हणतात, ते खरं नाही. धोका आहे तो चार्जिंगला लावलेल्या फोनला, आणि तो तसाच हातात धरणारीला. वादळाआधी फोन आणि पॉवर बँक भरून घ्या, मग चार्जर काढा. घरात जुना चालू फोन असेल तर कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

चौथी गोष्ट वहीची, आणि गटासाठी हीच सगळ्यात मोठी. हल्ली बचत, कर्ज, हप्ते सगळं एकीच्या फोनमध्ये असतं. तो फोन जळाला तर वीस जणींच्या पैशाचा पुरावा जातो. मग कुणी कितीचा हप्ता भरला यावरून आयुष्यभराच्या मैत्रिणी एकमेकींशी बोलायच्या बंद होतात. म्हणून दर बैठकीत हिशेब वहीत उतरवायचा, सगळ्यांसमोर वाचायचा, सह्या घ्यायच्या. वहीच्या पानाचा फोटो दुसऱ्या घरातल्या मैत्रिणीच्या फोनवर पाठवायचा. वही एका घरात, फोटो दुसऱ्या घरात. भिंतीवर एक कागदही लावा. त्यावर लेकीचा, भावाचा, वायरमनचा नंबर, महावितरणचा 1912 आणि रुग्णवाहिकेचा 108 लिहा.

शेवटी जिवाचं. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावला तर आपल्याला काही होत नाही. आधी 108 ला फोन लावा. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाबत राहा, मदत येईपर्यंत.

या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. अर्थिंग कुणाचं बघायचं, वहीचा फोटो कुणाकडे जाणार, दामिनी कुणाच्या फोनमध्ये, एवढं ठरवा आणि ठरावात लिहा.