कुठं निघाल्या, मावशी?

आम्ही आर्णीच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आज कर्ज नाही, हप्ता नाही. आज चालण्याची गोष्ट.

तुम्ही म्हणाल, आपण काय कमी चालतो? वावरात चालतो, सरपणाला चालतो, नवरात्रात माहूरला पायी जातो. पण डोक्यावर ओझं नाही, हातात विळा नाही, देवाला नवस नाही, आणि तरी चाललोय, असं कधी झालं? आमच्या गटातल्या एका मावशीला ते साठी उलटल्यावर मिळालं, आणि तेही लंडनला.

मावशीची लेक तिकडे नोकरीला आहे. तिनं ऑक्टोबरात आईबापाला बोलावून घेतलं आणि चार दिवस खास लंडन शहर पाहायची सोय केली. ऐनवेळी तिलाच रजा मिळाली नाही. मग दोघंच निघाले. भुयारी रेल्वेचे जिने मावशीच्या गुडघ्यांना झेपेनात, म्हणून ठरलं की दिवसातून एकदाच गाडीनं जायचं, बाकी पायी.

पहिल्या दिवशी किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर पाहिलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत असताना १९२१-२२ मध्ये तिथं राहिले होते. महाराष्ट्र सरकारनं ते घर २०१५ मध्ये विकत घेतलं. तिथून जवळच प्रिमरोझ हिलची टेकडी आहे, वरून शहर दिसतं. टेकडी उतरलं की रीजंट्स पार्क, मोठ्ठी बाग. पानगळ सुरू झालेली, अंगावर स्वेटर, साडीखाली लेकीनं घेऊन दिलेले बूट.

त्या बागेत मावशी बुटाची नाडी बांधायला बाकावर टेकली. वर पाहते तर काकाजी नाहीत! ते सवयीप्रमाणे दहा पावलं पुढं चालत होते, आणि वाटेला फाटे फुटले. फोन एकच, तो काकाजींच्या खिशात. पत्ताही त्यांच्याजवळच. मावशीला इंग्रजी येत नाही. तिनं एकच शहाणपण केलं, जागा सोडली नाही. अर्ध्या तासानं काकाजी धापा टाकत आले आणि तिच्यावरच चिडले, "तू मांगं होती ना?"

मावशी म्हणाली, "मांगं होती म्हणूनच हरवली."

ही गोष्ट तिनं गटाच्या मिटिंगमध्ये सांगितली तेव्हा आम्ही हसलो, आणि मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही. आपल्यापैकी किती जणी नवऱ्याच्या बरोबरीनं रस्त्यानं चालतात?

दुसऱ्या दिवसापासून मावशीच्या चालीनं दोघं चालले. बाक दिसला की बसायचं. आम्ही तिला एक जागा आधीच सांगून ठेवली होती, ब्लूम्सबरी भागातला हंटर स्ट्रीट. बायांना डॉक्टर करणारं लंडनचं कॉलेज तिथं होतं, आणि आपल्या मुंबईच्या रखमाबाई तिथंच शिकल्या. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न लावून दिलेलं. मोठेपणी त्यांनी नांदायला जायला नकार दिला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढं १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत, राजकोटला बायांच्या दवाखान्यात काम केलं.

काकाजी विचारत होते, इथं पाहायसारखं काय आहे? तर मावशीनं चालता चालता त्यांना ही सगळी कथा सांगितली. ती म्हणते, लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण मी एकसलग इतकं बोलले आणि ह्यांनी मधे तोंड घातलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

मोठ्या माणसानं आठवड्याला निदान दीडशे मिनिटं भरभर चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाला बावीस मिनिटं झाली. गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, सपाट रस्ता धरा, चपलेपेक्षा बूट बरा. आणि माहूरला जा की मुंबईला, पत्ता नि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी आपल्याच कमरेच्या पिशवीत ठेवा.

आता आम्ही सात जणी रोज संध्याकाळी चालतो. पहिले आठ दिवस पानठेल्यावरून विचारणा व्हायची, "कुठं निघाल्या, मावशी?" मावशी म्हणायची, "कुठंच नाही."

काकाजीही येतात. परवा अरुणावतीच्या पुलाकडे जाताना ते पुन्हा पुढं निघून गेले होते. मग पुलाच्या कठड्याशी थांबले आणि मावशी येईपर्यंत उगाचच पाणी पाहत राहिले.