मंदीतला गुंतवणूकदार



बाजार कोसळला की माणूस घाबरतो, यावर पुष्कळ बोललं जातं. मला त्यापुढच्या दिवसांबद्दल बोलायचं आहे. धंदा थंड, पगारवाढ बेताची, बाजार धड पडत नाही, धड चढत नाही. अशा दिवसांत माणूस वैतागतो. भीतीचा झटका महिन्या-दोन महिन्यांत ओसरतो. वैताग वर्षानुवर्षं मुरतो आणि त्यातूनच मोठ्या चुका होतात.

माझ्या मामांनी २००७ च्या दिवाळीनंतर निवृत्तीच्या पैशातून नऊ कंपन्यांचे शेअर घेतले. दोनशे पानी वहीत त्यांनी खरेदीचा भाव लाल शाईने लिहिला होता. शेजारच्या रकान्यात आजचा भाव पेन्सिलीने. रोज खोडायचं, रोज नवा लिहायचा. खोडून खोडून तिथला कागद झिरझिरीत झाला. लाल आकडा मात्र ठसठशीत राहिला. विकण्याचा विषय काढला की म्हणायचे, "माझा भाव येऊ दे, मोकळा होतो."

तो काळ आठवा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर गेला आणि ९ मार्च २००९ ला ८,१६० वर बंद झाला. नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा २१ हजार दिसले, पण टिकले नाहीत. २०१२-१३ मध्ये विकासदर पाच टक्क्यांच्या आसपास घसरला, महागाई मात्र चढीच. बँकेतली ठेव नऊ टक्के देत होती, सोनं चढत होतं. सहा वर्षं थांबून हाती काय, तर जुनाच आकडा, तोही महागाईने पोखरलेला. लोकांनी एसआयपी बंद केल्या, सोनं घेतलं. त्यांना अधीर म्हणून हिणवणं मला अन्यायाचं वाटतं.

मग चूक कुठे होते? डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं, की माणूस नफा-तोटा एका ठरावीक खुणेपासून मोजतो आणि तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख त्याला जास्त होतं. मामांची खूण म्हणजे तो लाल आकडा. तोट्यात विकणं म्हणजे आपण चुकलो असं स्वतःच्या सहीने लिहून देणं. म्हणून माणूस नासका शेअर उराशी धरतो आणि जरा वर आलेला चांगला शेअर विकून टाकतो.

वैतागाची दुसरी तऱ्हा उलटी. शेजाऱ्याच्या प्लॉटचे पैसे दुप्पट झाल्याचं कानावर येतं आणि माणूस सगळं मोडून तिकडे धावतो. मे २००९ मध्ये निवडणुकीच्या निकालानंतर १८ तारखेला बाजार एका दिवसात सुमारे १७ टक्के उसळला, व्यवहार थांबवावे लागले. आदल्या आठवड्यात कंटाळून बाहेर पडलेल्यांच्या हाती फक्त हळहळ राहिली.

म्हणजे नुसता धीर धरायचा का? तेही पुरेसं नाही. जपानचा निक्केई १९८९ च्या अखेरीस ज्या उंचीवर बंद झाला, ती ओलांडायला त्याला फेब्रुवारी २०२४ उजाडला. आपल्याकडेही पुढे सेन्सेक्स वर गेला, पण २००८ च्या तेजीतल्या कित्येक बांधकाम आणि वीज कंपन्यांचे भाव पुन्हा तिथवर पोचलेच नाहीत. बाजाराला तुमचा खरेदीचा भाव ठाऊक नसतो.

एका रविवारी मी मामांच्या लाल रकान्यावर पोस्टकार्ड धरलं आणि म्हटलं, "मामा, आज एवढेच पैसे रोख हातात आहेत. यातलं काय घ्याल?" ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग दोन नावांवर बोट ठेवलं. मी पुढे काहीच विचारलं नाही. उरलेल्या सात नावांवरून त्यांची नजर हलत नव्हती.

चार-पाच वर्षांत लागणारा पैसा बाजारात ठेवू नका. बाकीच्यासाठी घरी गेल्यावर एक पोस्टकार्ड शोधा आणि हा प्रश्न स्वतःला विचारा. विकायचं की थांबायचं, हे त्यानंतर ठरवा.