राणीछाप रुपयाची निगा

वऱ्हाडात, कारंजा लाडच्या बाजारपेठेतही, एकेकाळी चाललेला राणीछाप चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७चा रुपया निकेलचा निघाला. हारासाठी डाख देऊन कडी लावलेल्या रुपयाची संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. चिंचेने किंवा राखेने घासल्यामुळेही मोठे नुकसान होते. काळसर थर ही जुन्या चांदीची स्वाभाविक झाक असते. ती घालवताना नाण्यावरच्या राणी व्हिक्टोरियाच्या केसांच्या बारीक रेघाही झिजतात. नाणे कडेनेच धरावे, कोरड्या जागी ठेवावे, मऊ पीव्हीसी पाकिटे टाळावीत. आरशासारखी चकाकणारी प्रूफ नाणी मूळ डबीतून काढूच नयेत. बोटाचा ठसा कायमचा उमटतो. घरातले जुने रुपये जरूर पाहा, पण घासू नका.