जंतू एक, वाण अनेक



परम्यावर जाहीर व्याख्यान म्हटल्यावर कुणी नाक मुरडलं असेल, तर मुरडू द्या. नाव घ्यायची लाज बाळगल्याने हा रोग कमी झाल्याचं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

परम्याचा जंतू आल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये ब्रेस्लाऊला शोधला. सूक्ष्मदर्शकाखाली तो जोडीजोडीने दिसतो आणि सगळ्या जोड्या सारख्याच. डॉक्टरपुढचा पेच मात्र निराळा असतो. इंजेक्शन घेऊन गेलेला रुग्ण महिन्याभरात तीच तक्रार घेऊन परततो. औषध लागू पडलं नाही, की लागण नव्याने झाली? पहिल्यात औषध बदलायचं, दुसऱ्यात जोडीदाराला बोलवायचं. म्हणजे आधी जंतूचा वाण कळायला हवा.

या जंतूच्या बाह्य आवरणात पोरिन नावाचं प्रथिन असतं. वाणावाणात ते थोडं वेगळं असतं आणि नेमक्या त्या फरकाला विशिष्ट प्रतिपिंड चिकटतात. सुरुवातीला ते सशाच्या रक्तातून काढत. पण असं रक्तद्रव दर खेपेला थोडं वेगळं यायचं. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला एकाच पेशीच्या वंशातून एकसारखे प्रतिपिंड मिळवण्याची युक्ती काढली आणि ही अडचण सुटली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी नॅप, सँडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी असे प्रतिपिंड वापरून परम्याच्या जंतूची वर्गवारी प्रसिद्ध केली.

प्रत्यक्ष चाचणी पाहण्यासारखी असते. स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्याच जंतूच्या अंगावर ‘प्रोटीन ए’ असतं. ते प्रतिपिंडाला मागच्या टोकाने धरतं, त्यामुळे पकडणारी टोकं बाहेर मोकळी राहतात. असे मारलेले, प्रतिपिंड ल्यालेले स्टॅफिलोकॉकस काचपट्टीवर घ्यायचे, त्यात परम्याच्या जंतूचं उकळलेलं द्रावण थेंबभर मिसळायचं आणि पट्टी हलवत राहायची. जुळणी असेल तर एक-दोन मिनिटांत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या दिसतात. नसेल तर थेंब नुसता गढूळ राहतो. कोणकोणत्या प्रतिपिंडांशी गुठळी झाली, त्यावरून ‘आयए’ किंवा ‘आयबी’ गट आणि त्यापुढचा क्रमांक ठरतो. रक्तात पसरून सांधे धरणाऱ्या परम्यात ‘आयए’ गट जास्त आढळला, हेही अशाच वर्गवारीतून कळलं.

पण निकाल वाचताना जपून! दोन रुग्णांचे वाण वेगळे निघाले, तर लागण एकमेकांकडून झाली नसावी, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. सारखे निघाले, तर ती शक्यता नाकारता येत नाही, इतकंच. काही वाण गावभर पसरलेले असतात. कोर्टकचेरीत हा फरक विसरला, तर निरपराध माणूस अडकेल.

आता ही पद्धत मागे पडली. २००४ पासून रूढ झालेल्या एका पद्धतीत त्याच पोरिनचं जनुक आणि आणखी एक जनुक वाचून वाण ठरवतात. रोगनिदानही जनुकांवरूनच झटपट होतं आणि त्याला जिवंत जंतू लागत नाही. सोय मोठी आहे, पण कोणत्या औषधाला जंतू दाद देतो हे पाहायची खात्रीची वाट अजून त्याला वाढवून पाहणं हीच आहे. पेनिसिलीन हातचं गेलंच आहे. म्हणून एक विनंती: औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नका. आधी नमुना द्या, मग औषध घ्या, आणि जोडीदारालाही तपासणीला न्या.