दोन सेकंदांचा न्याय

(येथील वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेले भाषण)



रस्त्यावर मोटार थांबविण्याचा पोलिसाचा अधिकार हा राज्यसत्तेच्या अधिकारांपैकी अगदी किरकोळ दिसणारा अधिकार आहे. हात वर होतो, गाडी कडेला लागते, कागदपत्रे पाहिली जातात, फार तर दंड होतो आणि गाडी पुढे निघते. परंतु याच किरकोळ प्रसंगी सामान्य नागरिक आणि शस्त्रधारी राज्यसत्ता ही हातभर अंतरावर समोरासमोर उभी असतात. मध्ये वकील नसतो, न्यायाधीश नसतो, पुष्कळदा साक्षीदारही नसतो. अशा ठिकाणी पोलिसाने बळ वापरले, तर ते वाजवी होते की अवाजवी, हे कोणत्या मापाने मोजावयाचे? अमेरिकेतील न्यायालयांनी या प्रश्नाचा पुष्कळ कीस पाडला आहे. म्हणून तेथील दोन खटले मी आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

पहिली हकीगत १९८४ सालच्या नोव्हेंबरातील, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहरातील आहे. ग्रॅहम नावाच्या एका मधुमेही गृहस्थाला रक्तातील साखर उतरत असल्याची जाणीव झाली. मित्राच्या मोटारीतून तो संत्र्याचा रस घेण्यासाठी एका दुकानी गेला. आत लांब रांग दिसली, तसा तो घाईघाईने बाहेर पडला. कॉनर नावाच्या पोलिसाला त्या घाईचा संशय आला व त्याने थोड्या अंतरावर मोटार थांबविली. मित्र सांगत होता की हा आजारी आहे. ते कोणी ऐकले नाही. ग्रॅहम गाडीभोवती धावला, रस्त्याच्या कडेला बसला आणि काही क्षण शुद्ध हरपला. मदतीला आलेल्या पोलिसांनी त्याला दारूडा ठरवून हातकड्या आवळल्या. आपल्या पाकिटातील मधुमेहाची खूण पाहा, असे त्याने विनविले, तेव्हा त्याचे तोंड मोटारीवर दाबण्यात आले. दुसऱ्या मित्राने रस आणला, तोही देऊ दिला नाही. अखेर दुकानात काहीच घडले नसल्याचे कळले आणि त्याला घरी नेऊन सोडण्यात आले. तोवर त्याचा पाय मोडला होता, मनगटे कापली होती, कपाळ व खांदा दुखावला होता.

खालच्या न्यायालयांनी विचारले : पोलिसांच्या मनात दुष्टबुद्धी होती काय? ती दिसत नाही, तर मग तक्रार कसली! १५ मे १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे माप मोडीत काढले. सरन्यायाधीश रेहन्क्विस्ट यांनी निकालपत्र लिहिले. त्याचा आशय असा की, पोलिसाचे मन कसे होते हा प्रश्नच नव्हे. त्याचे कृत्य कसे होते हा प्रश्न आहे. हेतू वाईट असला म्हणून वाजवी कृत्य अवाजवी ठरत नाही, आणि हेतू शुद्ध असला म्हणून अवाजवी कृत्य वाजवी ठरत नाही. मग कृत्य मोजावयाचे कसे? तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे : संशयित गुन्हा किती गंभीर होता? पोलिसाच्या किंवा इतरांच्या जिवाला तत्काळ धोका होता काय? आणि तो इसम प्रतिकार करीत होता किंवा पळू पाहत होता काय?

येथवर नागरिकाची बाजू झाली. त्याच निकालात पोलिसाची बाजूही आहे. घटनेकडे त्या जागी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या दृष्टीने पाहावे; मागाहून सुचलेल्या शहाणपणाने त्याला तोलू नये; कारण त्याला क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो. हे न्याय्यच आहे. दिवाणखान्यात बसून रस्त्यावरच्या माणसाची परीक्षा करणे फार सोपे असते. परंतु माप चांगले असले तरी ते धरणारा हातही चांगला लागतो. ग्रॅहमचा खटला नव्या मापाने पुन्हा चालला, तेव्हा ज्यूरीने कौल दिला तो पोलिसांनाच.

पुढे या 'क्षणार्धाचे' काय झाले? काही न्यायालयांनी त्यालाच किल्ला बनविले. त्यांनी नियम केला की, गोळी झाडतानाच्या क्षणी पोलिसाला धोका होता की नाही, एवढेच पाहावयाचे. त्याआधी काय घडले ते विचारात घ्यावयाचे नाही. या नियमाची कसोटी लागली ती दुसऱ्या खटल्यात.

२८ एप्रिल २०१६. टेक्सास राज्यातील ह्यूस्टनजवळचा हमरस्ता. भाड्याने घेतलेल्या एका मोटारीवर पथकराची बाकी होती. फेलिक्स नावाच्या पोलिसाने ती थांबविली. चालक चोवीस वर्षांचा बार्न्स नावाचा तरुण होता. परवाना मागितला, तो जवळ नव्हता. उतरण्यास सांगितले, त्याने दार उघडले, पण न उतरता गाडी पुन्हा सुरू केली. पोलिसाने पिस्तूल काढले आणि गाडी हलताच उघड्या दारातून तिच्या कडेवर उडी घेतली. सुमारे दोन सेकंदांत त्याने आतल्या बाजूस, नीट दिसत नसताना, दोन गोळ्या झाडल्या. तरुणाने मरता मरता गाडी थांबविली. गाडी हलल्यापासून थांबेपर्यंत अवघी पाच सेकंदे गेली. मूळ कारण काय, तर पथकराची बाकी!

मातेने दावा लावला. न्यायालये म्हणाली, चालत्या गाडीला लटकलेल्या माणसाच्या जिवाला त्या दोन सेकंदांत धोका होताच, प्रकरण संपले. पण तो पोलीस तेथे लटकला कसा? हा प्रश्न विचारण्यास नियमाने बंदी होती! अपील न्यायालयातील न्यायमूर्ती हिगिनबॉटम यांनी पूर्वीच्या निवाड्यांमुळे हाच निर्णय दिला खरा, परंतु स्वतंत्र मत लिहून त्यांनी त्या नियमावरच कोरडे ओढले.

१५ मे २०२५ रोजी, म्हणजे ग्रॅहम निकालाला बरोबर छत्तीस वर्षे झाली त्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने हा नियम एकमताने झिडकारला. न्यायमूर्ती एलेना केगन यांच्या निकालाचे सार असे की, सर्व परिस्थिती पाहावयाची म्हटल्यावर तिला घड्याळाची मर्यादा घालता येत नाही. आधीची हकीगत कधी पोलिसाच्या बाजूने बोलेल, कधी विरुद्ध. पण ती ऐकलीच पाहिजे. न्यायालयाने फेलिक्सला दोषी ठरविले नाही. खटला योग्य मापाने तोलण्यासाठी परत पाठविला. पोलिसाने धोका स्वतःच ओढवून घेतला असेल तर काय, हा प्रश्नही त्याने मोकळा ठेवला. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी तीन सहकाऱ्यांसह बजावले की, चालक पळू लागला की पोलिसापुढचा प्रत्येक मार्ग धोक्याचा असतो. तेही विसरता कामा नये.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका हंडीतील सारी शिते एकाच विस्तवावर शिजलेली असतात. माणसांच्या झटापटीचे तसे नाही. तिचा शेवटचा क्षण आधीच्या क्षणांतून जन्मतो. जो न्यायाधीश केवळ शेवटचा क्षण पाहतो, तो निःपक्षपाती राहतो असे नव्हे. चित्र कोठे कापावयाचे हे ठरवितानाच त्याने पक्ष घेतलेला असतो. आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे. मारहाणीचे शेवटचे चार क्षण पाहून पोलिसाला खुनी ठरविणारा जमावही तीच चूक करतो.

हे सारे परक्या देशाचे, असे कोणी म्हणू नये. २९ सप्टेंबर २०१८ च्या पहाटे लखनौमध्ये मोटार थांबविण्याच्या प्रसंगी एका शिपायाने गोळी झाडली व खाजगी कंपनीतला एक अधिकारी ठार झाला. गाडी माझ्या अंगावर घातली, असेच शिपायाचे म्हणणे होते. आपल्या कायद्यात शब्द तोकडे नाहीत. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४९ सांगे की, पळून जाऊ नये यासाठी लागेल त्यापेक्षा अधिक अटकाव अटकेतल्या माणसाला करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६ मध्ये तेच वचन कायम आहे. जन्मठेपेला किंवा फाशीला पात्र अशा गुन्ह्याचा आरोप नसलेल्या माणसाचा अटक करताना प्राण घेण्याचा अधिकार कायदा देत नाही.

तेव्हा अशी वार्ता कानी आली की संतापापूर्वी आणि समर्थनापूर्वीही क्रमाने विचारा : गाडी थांबविली कशासाठी? पोलिसाला त्या वेळी काय ठाऊक होते? समोरच्याने काय केले? धोका कोणाच्या पावलाने वाढला? त्याहून सौम्य उपाय हाताशी होता काय? ही उत्तरे मिळाल्यावर पोलीस निर्दोष दिसला तर तसे उघडपणे म्हणण्याचे धैर्य दाखवा; दोषी दिसला तर त्याच्या गणवेशाला भिऊ नका. राज्याने पोलिसाच्या हाती शस्त्र दिले आहे ते आपल्या सर्वांच्या वतीने. त्याचा हिशेब पहिल्या पैपासून मागणे हा पोलिसाचा अपमान नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे, आणि प्रामाणिक पोलिसाचे संरक्षणही त्यातच आहे.