मनोनकाशा : कागदावरचं झाड
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा सारांश)



‘मनोनकाशा’, म्हणजे माइंड मॅप, या विषयावर बोलायला मला सांगितलं आहे. मी डिप्लोमावाला, सरकारी खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करणारा माणूस. मानसशास्त्र काही माझा विषय नाही. पण कागद-पेन्सिल रोजची आहे, म्हणून होकार दिला.

टोनी बुझान या ब्रिटिश लेखकाने १९७४ साली बीबीसीवरच्या मालिकेतून ही पद्धत लोकांपर्यंत नेली. मूळ कल्पना मात्र जुनीच. आपल्या घराण्याचा वंशवृक्ष आठवा. एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. तसंच हे.

कृती सोपी आहे. कोरा कागद आडवा घ्या. मध्यभागी विषय लिहा, जमलं तर छोटं चित्र काढा. तिथून पाच-सहा जाड फांद्या काढा, प्रत्येकीचा रंग वेगळा. फांदीवर एकच शब्द लिहायचा, वाक्य नाही. वाक्य लिहिलं की विचार तिथेच संपतो. शब्दाला पुढे आणखी डहाळ्या फुटतात. दोन फांद्यांचा संबंध दिसला की बाण काढून त्या जोडा.

आता मुलांचा अभ्यास. ‘प्रकाशसंश्लेषण’ मध्ये लिहिलं, की फांद्या झाल्या : सूर्यप्रकाश, पाणी, कार्बन डायऑक्साइड, क्लोरोफिल आणि तयार होणारं अन्न. पण पालकांना एक कळकळीची विनंती. पुस्तक समोर उघडं ठेवून सुंदर नकाशा काढला, तर ती चित्रकला झाली, अभ्यास नव्हे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मनोनकाशाचा चुलतभाऊ म्हणावा असा ‘संकल्पना-नकाशा’ मजकूर समोर ठेवून काढणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा, मजकूर बाजूला ठेवून आठवून लिहिणाऱ्यांना नंतर जास्त आलं. म्हणून धडा वाचा, पुस्तक मिटा, आठवेल तेवढा नकाशा काढा, मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाने भरा. तो दुसरा रंग म्हणजेच उद्याचा अभ्यास.

आपली मुलं शिकतात हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात. नकाशावर क्लोरोफिलच्या शेजारी आईने ‘हरितद्रव्य’ लिहिलं, तर जागा अडत नाही. मराठी शब्दही मुलाच्या डोक्यात जाऊन बसतो.

नियोजनासाठी दूर कशाला जायचं, आपला उत्सवच घ्या. मूर्ती, मंडप, पूजा, प्रसाद, कार्यक्रम, विसर्जन. यादीत ही कामं एकाखाली एक निमूट उभी असतात. नकाशात ती एकमेकांशी बोलू लागतात. महाप्रसादाचा दिवस बदलला, की बाण आचाऱ्याकडे, भांड्यांकडे, पाण्याच्या टँकरकडे जातात. अनंत चतुर्दशीला इंदुरात झांक्या निघतात, राजवाड्याकडचे रस्ते गर्दीने भरतात. मग विसर्जनाच्या फांदीवरून थेट गाडीच्या वेळेकडे बाण जातो. हे सगळं एका कागदावर दिसलं, की नवा कार्यकर्ताही दुसऱ्या दिवसापासून कामाला लागतो.

मात्र प्रत्येक ठिकाणी नकाशा नको. वर्गणीचा हिशेब वहीतच हवा. किराण्याला यादीच बरी. जिथे आकडे आणि क्रम महत्त्वाचे, तिथे वही. जिथे संबंध शोधायचे, नवं सुचायला हवं, तिथे नकाशा.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट सांगतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतोय. मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोणतं, घराण्यातलं पहिलं माणूस इकडे कोणत्या नोकरीसाठी आलं, गौरीच्या नैवेद्याला आपल्याकडे नेमकं काय लागतं, हे सगळं घरातल्या एक-दोन वृद्ध माणसांच्या डोक्यात आहे. ‘आजी, सगळं सांग,’ म्हटलं तर त्यांना सुरुवात सुचत नाही. त्यांच्यासमोर कागद ठेवा. मध्ये आडनाव लिहा. ‘गाव’, ‘देव’, ‘सण’, ‘स्वयंपाक’, ‘माणसं’ अशा फांद्या काढा आणि एकेका फांदीवर बोट ठेवून विचारा. वंशवृक्षात बहुधा पुरुषांचीच नावं असतात. इथे आजीचं माहेर, आत्या, मावश्या, सगळ्यांना फांदी मिळते. नातवंडांनी लिहायचं, आजीने सांगायचं. आठवण कुठूनही कुठे उडी मारते, आणि हा कागद तिला मुरड घालत नाही.

मोबाइलवर यासाठी ॲप आहेत, जरूर वापरा. पण हा एक नकाशा हातानेच काढा आणि काढणाऱ्यांची नावं व तारीख खाली घाला. उद्या नका, परवा नका. गौरी-गणपतीला सगळे एकत्र जमतात, तेव्हाच काढा. सांगणारी माणसं समोर आहेत, तोवर.

गणपती बाप्पा मोरया!